सारंगीच्या मागचा आवाज

भैरवनाथाच्या वेडाला राजुरीत नाव नव्हतं. कुणाला दारूचं वेड असतं, कुणाला बैलगाड्याचं असतं, ते लोकांना कळतं. ह्या पठ्ठ्याला वेड कशाचं, तर कानाला लावायच्या डबड्यांचं! दिवसभर नारायणगावच्या बाजारात आडत्याच्या गाळ्यावर टोमॅटोच्या लिलावाचा कालवा ऐकायचा आणि घरी आलं की हेडफोन लावून शांतता हुडकत बसायचं. बरं, साधा हेडफोन चालेल तर शपथ. कुठला हेडफोन कुठल्या अँपवर, म्हणजे आवाजाला जोर देणाऱ्या डब्यावर, खुलतो, ह्यावरून मोबाईलवर कुठल्या कुठल्या लोकांशी हमरीतुमरी करायचा. बाप सोनबा मेंढरं राखणारा. "आमचा जल्म कान टवकारण्यात गेला, आन हा कान झाकाया पैसं घालतो," असं येता-जाता बोलायचा. भैरवनाथ हसून सोडून द्यायचा.

त्या दिवशी दिवस कलता कलता निमगाव सावाहून त्याचा दोस्त रुपेश आला. रुपेश अँप दुरुस्त करायचा, स्वतः बांधायचाही, आणि त्याच्या हाताला पुण्यापर्यंत गिऱ्हाईक होतं. त्यातल्याच एकाचे दोन भारी हेडफोन विकायला आले होते, ते दोन्ही त्यानं आणले. वर दोन अँप.

"यातला एकच ठेवायचा, राव. दुसरा सकाळी परत द्यायचाय," रुपेश म्हणाला. "आत्ताच ठरव."

आता फरक असा, की एक हेडफोन मागून बंद होता. कानावर बसला की जग संपलं. दुसऱ्याच्या मागच्या बाजूला नुसती जाळी. आतलं बाहेर जायचं, बाहेरचं आत यायचं. पण गाणं ऐकावं तर मोकळ्या माळावर बसून ऐकल्यासारखं. त्या जाळीवाल्याला रेटा जास्त लागायचा, ऐऱ्यागैऱ्या अँपवर तो मरगळून जायचा. म्हणून एक अँप व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओसारखा तापणारा, आणि एक ट्रान्झिस्टरचा. कुणाची जोडी कुणाशी जमते ते बघायचं. लग्न जुळवण्यापेक्षा अवघड काम, असं रुपेश म्हणायचा.

दोघं खोलीत खिडकीपाशी मांडामांड करत होते तेवढ्यात भैरवनाथाची बायको हिरा दुधाची किटली घेऊन दारात आली.

"अवो, मी डेअरीवर जाऊन येते. मामंजी मेंढरं घिऊन आजून आलं न्हाईत. पोर अंगणात हाय, तिच्याकडं ध्यान द्या. परवा पलीकडच्या वस्तीवरली कालवड वाघानं वढून नेली, ठावं हाय ना?"

बिबट्याला इकडं वाघच म्हणतात. आणि ह्यांचं घर तर गावाबाहेर, रानात, दोन बाजूंनी पुरुषभर ऊस.

"अगं, हा जाळीवाला हाय. बाहेरचं समदं ऐकू येतं ह्याच्यातनं," भैरवनाथ म्हणाला. "तू जा बिनघोर."

हिरानं हेडफोनकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं, आणि गेली. तिला काही पटलं नव्हतं. पण डेअरी कुणासाठी थांबत नाही.

अंगणात श्रेया, पाच वर्षांची, कोकरांशी खेळत होती. मोठी मेंढरं आजोबांबरोबर चरायला गेलेली, आणि जाळीच्या कुंपणात, म्हणजे वाघरात, नुसती कोकरं. कुत्रं उसाकडं तोंड करून भुंकत होतं. टिटवी ओरडत होती. भैरवनाथानं खिडकीतून एकदा पोरीकडं पाहिलं, खिडकी डाव्या हाताला येईल अशी खुर्ची ओढली, आणि जाळीवाला हेडफोन चढवला. रुपेशनं बंदवाला आपल्या कानांवर घातला आणि तो आपल्या मोबाईलवर काहीतरी लावून बसला.

आधी व्हॉल्व्हचा अँप. गाणं जुन्या मैफलीतलं होतं, सारंगी आणि एक बाई. बाईचा आवाज कसा, ऊबदार, अंगावर घोंगडी घेतल्यासारखा. पण सारंगी थांबली की मध्ये बारीक घरघर यायची. वर ते कुत्रं. वर ती टिटवी. कोकरं बें बें करत होती ती वेगळीच.

"छ्या! कालवा लई आहे ह्याच्यात," तो मोठ्यानं म्हणाला. रुपेशनं खुणेनंच वायर काढून दुसऱ्या अँपला जोडली.

आणि काय सांगावं! सारंगीचा पहिला गज ओढला गेला, थांबला, आणि मागं काहीच नाही. घरघर नाही. कुत्रं नाही. टिटवी नाही. कोकरांचा आवाजसुद्धा नाही. काळीभोर शांतता.

"आयला!" भैरवनाथ म्हणाला. "रुपेश, ह्याला म्हणतात अँप!"

आता अँप बदलल्यानं कुत्रं गप्प होतं का हो? पाचवीतलं पोर सांगेल. पण वेड लागलेल्या माणसाला हवं तेच ऐकू येतं. धनगराच्या पोटी जन्मलेला गडी, ज्याच्या आज्यापणज्यांनी अशी शांतता पसरली की काठी हातात घेतली, तो मान डोलवत बसला.

बाई गायला लागली. आणि तेवढ्यात सारंगीच्या मागून, डाव्या बाजूनं, लांबून, एक बारीक आवाज आला. कोवळा, धाग्यासारखा. भैरवनाथाच्या अंगावर काटाच आला. हे गाणं त्यानं शंभरदा ऐकलं असेल, पण हा आवाज कधी ऐकला नव्हता. मैफलीत मागं कुणाचं लेकरू बसलं असेल, आणि इतक्या वर्षांनी ह्या जोडीनं ते उजेडात आणलं! वा! त्यानं डावा हात वर केला, पंजा उघडून, तसाच धरून ठेवला. थांब, कुणी बोलू नका, ऐका. आवाज पुन्हा आला. मग आला नाही.

त्यानं रुपेशच्या कानावरचा हेडफोन ओढून काढला. "हे ऐक, आधी हे ऐक. नको, थांब, मी जागा काढतो." त्यानं गाणं मागं नेलं. सारंगी. थांबली. बाई गायली. आवाज आला नाही.

पुन्हा मागं नेलं. सारंगी, बाई. बस्स.

"काय ऐकू?" रुपेश म्हणाला.

तिसऱ्यांदा त्यानं गाणं मागं नेलं आणि मध्येच थांबवलं. रेकॉर्डिंगमधला आवाज दर वेळी येतो. जो एकदाच येतो तो रेकॉर्डिंगमधला नसतो. त्याच्या डाव्या हाताला खिडकी होती.

त्यानं बाहेर पाहिलं. वाघरापाशी श्रेया उभी होती, छातीशी कोकरू घट्ट धरून, खिडकीकडं बघत. कुत्रं बाजेखाली पोट जमिनीला चिकटवून पडलेलं. आणि पोरीच्या पाठीमागं, उसाच्या कडेला, बांधावर वाघ बसला होता. पुढचे पाय पोटाखाली, मान खाली, नजर पोरीवर.

रुपेशनं पाहिलं मात्र, आणि तो "हुर्र! हुर्र!" करत दाराबाहेर झेपावला, गोठ्याला टेकवलेला पत्रा उचलून भुईवर आपटायला लागला. मग भैरवनाथही धावला, बोंबलत, रडत, त्याचं त्यालाच कळत नव्हतं. वाघ उठला. घाई नाही, गडबड नाही. एकदा वळून पाहिलं आणि उसात शिरला. वरचे तुरे थोडे हलले, मग तेही थांबले.

भैरवनाथानं पोरीला कोकरासकट उचलून घेतलं. तिची छाती पाखरासारखी उडत होती. तिकडून सोनबा मेंढरं तशीच वाटेवर टाकून धापा टाकत आला, त्याच्यामागं रिकामी किटली घेतलेली हिरा पळत आली. "कुत्रं येकदम गप झालं, तवाच मी मेंढरं टाकून पळत सुटलो," सोनबा म्हणाला. "पोरी, तू पळाली न्हाईस? वरडली न्हाईस?"

"मी पप्पांना हाक मारली," श्रेया म्हणाली. "दोनदा. पप्पांनी हात केला, थांब म्हणून. मग मी थांबले."

सोनबानं लेकाच्या पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "शाब्बास रं माझ्या वाघा! पोर पळाली आसती तर त्यानं मागनं झडपच घातली आसती. आरं, रक्तातच हाय आपल्या! मी उगा तुला बोलतो." आणि आत्ताच्या आत्ता भावकीत सांगून येतो, म्हणायला लागला.

रुपेश खाली बघत पत्रा पुन्हा गोठ्याला टेकवत होता.

"मला थांब म्हणालात ना, पप्पा?" श्रेयानं त्याच्या गळ्यातल्या हेडफोनवर गाल टेकवून विचारलं.

"हो," तो म्हणाला.

हेडफोनची वायर त्याच्या पोटावरून खाली लोंबत होती, टोकाची पिन मातीत घासत होती. हिरानं त्या वायरीकडं पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिला सगळं कळलं.

सासऱ्याकडं पाठ करून ती पुढं झाली, पोरीच्या काखेत हात घातले आणि हळू म्हणाली, "सोडा तिला. माझ्याकडं द्या."