कडीवरची लाल पाटी

लेकीने सोफ्यावरची हिरवी उशी बाजूला करायला हात घातला, तर उशीने डोळा उघडला.

तिला किंकाळीही फुटली नाही. पाच महिन्यांच्या बाळाला छातीशी घट्ट धरून ती थेट भिंतीला जाऊन टेकली. पाठीवर करवतीसारखे काटे असलेला चार-साडेचार फुटांचा सरडा सोफ्यावरून सावकाश उतरला आणि घरमालकाच्या थाटात मधल्या खोलीत निघून गेला.

"इग्वाना आहे. पाला खाते. कुणाच्या अध्यात ना मध्यात," वडील म्हणाले. "तुझी आई गेली त्यानंतर शेजारी घर सोडून गेला, तो देऊन गेला."

"आणि पिंजरा?"

"तोही दिला होता. मी भंगारात टाकला."

लेक बघतच राहिली. लहानपणी मांजराचं पिल्लू उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं ते हेच बाबा. छत्तीस वर्षं कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली आणि घरातही मोजूनमापून तेवढंच बोलले. सोमवारपासून तिची नोकरी पुन्हा सुरू होत होती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पाळणाघरात जागा नाही. बाळाला दिवसभर ठेवायला या घराशिवाय दुसरं घर नव्हतं, आणि या घरात मगरीची धाकटी बहीण मोकाट फिरत होती.

"काळजी करू नकोस. पद्धत आहे आपली." वडिलांनी मधल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि कडीला एक लाल पाटी अडकवली. यंत्रात हात घालण्याआधी बटणावर अशी पाटी लावायची आणि हात बाहेर आला की काढायची, हा कारखान्याचा नियम. "पाटी दिसली की बयो आत आहे समजायचं. पाटी नसली की खोली मोकळी."

म्हणजे तिचं नावसुद्धा ठेवून झालं होतं.

तासाभराने बाळ पेंगलं. मधल्या खोलीच्या कडीवर पाटी नाही हे लेकीने दोनदा पाहिलं, बाळाला तिथल्या पलंगावर निजवलं आणि ती दूध गरम करायला गेली. परत आली तेव्हा पलंगावरच्या उन्हाच्या पट्ट्यात बाळ झोपलेलं होतं आणि त्याच्या पायाशी, दुपट्यावर हनुवटी टेकून, कपाटावरून उतरून आलेली बयो.

या वेळी किंकाळी बाहेर पडली. बाटली फरशीवर आपटली. बयोची शेपटी सपकन फिरली. वडील धावत आले, लेकीला बाजूला सारून पुढे झाले आणि त्यांनी दोन्ही हातांनी बयोला उचलून खांद्याशी धरलं.

"घाबरलीस का गं? काही नाही, काही नाही. मी आहे ना."

लेकीने बाळाला उचललं. हात, पाय, गाल तपासले. कुठे ओरखडाही नव्हता. बत्तीस वर्षांत तिने बाबांचा हा आवाज ऐकला नव्हता. तिचा हात मोडला तेव्हा नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. त्या खवल्यांच्या जनावराचा तिला हेवा वाटला, आणि आपल्याला हेवा वाटावा याने ती जास्त हादरली.

वडिलांनी खिसा चाचपला. पाटी खिशातच होती. पाल्याची ताटली ठेवायला ते आत गेले होते आणि बाहेर येताना हाताने जुन्या सवयीने पाटी काढून घेतली होती. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"चूक माझी," ते म्हणाले.

"मला कधी असं विचारलं होतंत, बाबा? घाबरलीस का म्हणून?"

वडिलांनी खरोखरच आठवून पाहिलं.

"नाही. तेव्हा येत नव्हतं मला."

लेकीने फरशीवरची बाटली उचलून ठेवली. बाळ जागं होऊन त्या खवल्यांकडे टकामका बघत होतं.

"सोमवारी आठला आणते याला," ती शेवटी म्हणाली. "पण मधल्या खोलीला कुलूप लागलंच पाहिजे, बाबा. पाटीबिटी नाही चालायची."

वडिलांनी खांद्यावरच्या बयोकडे पाहिलं, मग बाळाकडे.

"लावू की," ते म्हणाले. "मी आणि हा आत बसू. ती राहू दे बाहेर."