आपला अंगठा

माझा उजवा अंगठा हलला. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तो हललेलाच नाही असं धरून चला. महिनाभर मीही तेच केलं.

मी काच कापतो. म्हणजे कापायचो. एकदा एका तावदानानेच मला मनगटाशी कापलं, आतला मज्जातंतू तुटला आणि अंगठा मेल्यासारखा पडून राहिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुटलेल्या जागी बारीक नळी बसवू, तिच्यात मूळपेशी भरू, त्यांच्या आधाराने तंतू पुन्हा वाढेल. पेशी पोटाच्या चरबीतून काढायच्या होत्या. माझ्या पोटावर चिमटीत धरायलाही काही नव्हतं.

"माझ्याकडे आहे की!" ताईचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, शर्ट वर करून उभे राहिले.

तेव्हापासून अंगठा सामाईक झाला.

"आपला अंगठा उठला का?" रोज सकाळी फोन. "गार पाण्यात घालू नकोस, माझ्या पेशींना सोसत नाही. आणि चहात साखर जरा जास्त टाक."

"दाजी, अहो पेशी चहा पीत नाहीत."

"तुला काय माहीत? तुझ्या आहेत का?"

इथवर ठीक होतं. मग त्यांनी माझ्या काचेच्या दुकानाच्या पाटीचं काढलं. अंगठ्याला पकड आली की पाटीवर दोघांची नावं. "काच कशाने कापणार? अंगठ्याने. अंगठा कुणामुळे?"

"बोलू दे रे, हौस आहे त्यांना," ताई म्हणाली.

मला माझं काच कापायचं टेबल परत हवं होतं, एकट्याचं. म्हणून टूथपेस्टचं झाकण फिरवताना अंगठा हलला, तेव्हा मी न्हाणीघराची कडी लावली आणि त्याला दम भरला.

तपासणीला दाजी आलेच. बाईंनी मनगटावर टिचक्या मारल्या. झिणझिण्या थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत गेल्या, म्हणजे तंतू तिथवर पोचला होता. मी भिंतीकडे बघत राहिलो.

"अंगठा करंगळीला लावा."

मी चेहऱ्यावर भरपूर जोर लावला. अंगठ्यावर अजिबात नाही.

"मग दुसऱ्या बोटाचा स्नायुबंध काढून अंगठ्याला जोडावा लागेल," बाई म्हणाल्या.

"माझा घ्या!" दाजी बाह्या सरसावत उठले.

अंगठा टपकन करंगळीला जाऊन चिकटला.

दाजी ढसाढसा रडले. मग डोळे पुसून त्यांनी तिथूनच पाटीवाल्याला फोन लावला.

तरी रुग्णालयाच्या माननीय अधीक्षकांस या अर्जाद्वारे नम्र विनंती, की सदर अंगठ्यातील दाजींच्या सर्व पेशी मोजून मूळ मालकाच्या पोटात परत जमा कराव्यात, अंगठा चालू स्थितीत अर्जदाराच्या एकट्याच्या ताब्यात ठेवावा, आणि ही कार्यवाही पाटी रंगवून होण्यापूर्वी पूर्ण करावी.