वाटेकडे तोंड करून

खापरवाडीच्या वाटेवर, नाल्याच्या अलीकडे, एक बाभूळ.

*

मलकापूरला आगगाडी आली होती. सांगवीत गाडीवाले सोडले तर ती कुणी पाहिली नव्हती. तिला गाठायला अमरावतीहून अकोल्याकडे निघालेल्या कापसाच्या गाड्या मात्र सगळ्यांनी पाहिल्या होत्या. धूळ बसायच्या आत पुढची रांग येत असे.

*

धनगराचा कुत्रा माणसंसुद्धा वळतो.

*

बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसणाऱ्याला काही काम नसतं, आणि उठूनही जाता येत नाही.

*

"मले सांग, वाटेत लांडगं आडवं आलं तं काय करशीन?" जानराव बैल सोडता सोडता म्हणाला.

"त्याच्या बायकोले कितवा म्हयना हाय, थे इचारीन," मनकर्णा म्हणाली.

चुलीपाशी जमुना हसली. तिलाही दिवस गेले होते, त्यामुळे सासूच्या या बोलण्यावर हसायचा हक्क आपलाच आहे असं तिला वाटे. जानराव हसला नाही.

मनकर्णा सांगवीच्या आजूबाजूच्या गावांत बाळंतपणं करायची. हे काम तिच्या घराण्यातलं नव्हतं. घरचा मळा होता, वांगी-मिरच्या होत्या. पण हाताला यश होतं आणि बायका बोलवत. आधी कसं होतं, की ज्याच्या घरी बाळंतपण तो माणूस गाडी घेऊन यायचा आणि काम झाल्यावर तिला आणून सोडायचा. नाहीतर जानराव जायचा. कापसाला भाव आला आणि सगळं बदललं. हंगामात गावात गाडी म्हणून राहीना. बोलवायला सासवा, नणंदा पायी येत. परतीच्या वेळी त्यांना बाळंतीण सोडता येत नसे. मनकर्णा एकटी चालत घरी यायची.

"तुले भेव नाई वाटत?"

"एकडाव वाटलं होतं."

"कवा?"

"घास खाय तू. भाकर थंडी होऊन राहिली."

जानराव खाली बसला. "मी आता मलकापूरले गेलो का पंधरा-पंधरा दिवस येत नाई. माहा जीव अथी राहते. एखादं कुत्रं पाय, माय. संगं चालनारं. भेटलं तं जाजो. नाई भेटलं तं हे बंद."

'बंद' हा शब्द त्याने हळू उच्चारला. तरी तो घरभर झाला.

*

"कसं कुत्रं पाह्यजे?" शेजारच्या पार्बताबाईने विचारलं.

"चालाले लागलं तं दमलं नाई पाह्यजे. आन् बसाले लागलं तं उठलं नाई पाह्यजे."

"अवं, असा नवरा भेटला नाई आपल्याले. कुत्रं कुठून भेटन?"

*

पहिला लमाणांच्या तांड्यातला. लांब पाय, पोट आत. पहिल्याच दिवशी ससा दिसला. कुत्रा गेला. सशाचं पुढे काय झालं ते कळलं नाही, कुत्र्याचंही नाही.

*

दुसरा पुंजाराम धनगराचा. केसाळ, गंभीर. पिंपळखुट्यापर्यंत तो इतका नीट चालला, की मनकर्णा वाटेत त्याच्याशी दोन शब्द बोललीही.

आत बाई कळा देत होती. मनकर्णाने हाक मारली, "पानी आना वं!"

कुणी आलं नाही.

"अवं पानी! मेल्या का काय साऱ्या?"

गोठ्यातून आवाज आला, "कुत्रं येऊ देईना नं बाई!"

सासू, नणंद, दोन शेजारणी आणि मुलाचं नाव काय ठेवायचं हे सांगायला आलेली एक म्हातारी, या सगळ्यांना त्याने अंगणातून वळवत वळवत गोठ्याच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं होतं. कढत पाण्याचं भांडं नणंदेच्या हातात निवत होतं. कुणी पाय पुढे टाकला की तो समोर यायचा. चावत नव्हता. नुसता पाहत होता.

मूल झालं. नीट झालं. मनकर्णाने कुत्रा परत नेऊन दिला.

"त्यानं काय वाईट केलं?" पुंजाराम दुखावून म्हणाला. "एक तरी बाई हरवली का?"

*

गोष्ट तिच्याआधी घरी पोचली होती. जानराव म्हणाला, "झालं ना आता? बस घरी."

ती बसली. दोन दिवसांनी खापरवाडीची एक सासू बोलवायला आली. जानरावाने दारातूनच सांगितलं, "माय नाई येत आता. दुसरी पाहा." बाई उन्हात थोडी उभी राहिली, मग वळली. आत मनकर्णा तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने सगळं ऐकलं आणि शेंगा सोलत राहिली. संध्याकाळी जमुनेने पाहिलं, तर टरफलं सुपात होती आणि दाणे उकिरड्यावर गेले होते. तिने नवऱ्याला ते सांगितलं नाही. दाणे वेचून आणले.

*

विहिरीपाशी अमरावतीच्या गाड्या मुक्कामाला होत्या. पहाटे गेल्या. एक कुत्री मागे राहिली. मातकट रंग, एक कान फाटलेला, पुढचा पाय वर धरलेला.

मनकर्णा पाण्याला गेली होती. तिने घागर ठेवली, पाय हातात घेतला, बाभळीचा काटा काढला. कुत्रीने मान दुसरीकडे केली, दुखताना बायका करतात तशी.

दुपारी जानरावाची गाडीही निघाली. कुत्री तिच्या खालून चालू लागली. गाडीवाल्यांची कुत्री अशीच असतात. दिवसभर आसाखालच्या सावलीत बैलाच्या चालीने चालायचं, मुक्कामाला मालाकडे पाठ करून पडायचं. पण पाय अजून टेकत नव्हता. गावकुसापर्यंत गेली आणि लंगडत परत आली.

चार दिवसांनी मनकर्णा मळ्यात निघाली तेव्हा कुत्री मागे होती. तिला गाडी नव्हती, म्हणून ती मनकर्णेच्या सावलीत चालत होती. वाट वळली, सावली डावीकडे गेली. कुत्री डावीकडे गेली.

मनकर्णा थांबली. कुत्री बसली. मनकर्णा निघाली. कुत्री उठली.

"असं हाय का?" मनकर्णा म्हणाली.

*

खापरवाडीची सासू पुन्हा आली. मागच्या कळा खोट्या निघाल्या होत्या, आताच्या खऱ्या होत्या. "पोरगा हाय का घरी?" तिने आधी दबकत विचारलं.

"पोरगा नाई. कुत्री हाय. चाल."

तिथे कुत्री उंबऱ्याबाहेर पडून राहिली. पाठ दाराकडे, तोंड वाटेकडे. आतून वास येत होते, किंचाळ्या येत होत्या. तिने एकदाही मागे पाहिलं नाही. बायका तिला ओलांडून जात-येत राहिल्या.

परतताना मनकर्णा नाल्याअलीकडच्या बाभळीखाली बसली. त्या वाटेने ती कधी जाई तेव्हा तिथे बसत असे, दमलेली नसली तरी. त्या हंगामात दोघी त्या वाटेने पुष्कळदा गेल्या, आणि पुढे पुढे कुत्री आधी पोचून तिथे बसू लागली.

*

फाल्गुनात एका सकाळी जमुनेने सासूचा हात धरला. "आत्याबाई, पोटात कसंतरी होऊन राहिलं."

दुपारी जानरावाची गाडी दारात आली. तो उडी मारून अंगणात शिरला आणि थांबला. उंबऱ्यासमोर कुत्री उभी होती.

"हाड!"

कुत्री हलली नाही.

"अवं, माहं घर हाय हे!"

तो डावीकडे सरकला. कुत्री डावीकडे. तो उजवीकडे. भिंतीवरून पार्बताबाई म्हणाली, "काय गा जानराव, घर चुकलं का?"

आतून आवाज आला, "कोन हाय?"

"मी वं माय! हे येऊ देईना मले!"

"मंग बस तिथीच. अजून येळ हाय."

तो बसला. दाराकडे तोंड करून. कुत्रीने त्याला एकदा नीट पाहून घेतलं आणि त्याच्या बाजूला पडली, वाटेकडे तोंड करून. आत जमुना ओरडली की जानराव अर्धा उठायचा. कुत्री कान हलवायची, तो परत बसायचा. बैलांना पाणी पार्बताबाईनेच दाखवलं.

मग बारीक रडणं ऐकू आलं.

मनकर्णा हात पुसत बाहेर आली. "पोरगी हाय. जमुना चांगली हाय."

जानरावाने कुत्रीकडे बोट केलं. "हे मले वयखत नाई का?"

"वयखते. म्हनून तं चावली नाई."

तो हसला, मग त्याने डोळे पुसले. शिदोरीतली उरलेली भाकर आणून त्याने कुत्रीपुढे ठेवली. तिने मनकर्णेकडे पाहिलं आणि मग खाल्ली.

*

बारशाला घर माणसांनी भरलं होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. खापरवाडीचंच.

"मी घरी हाय," जानराव म्हणाला. "गाडी जुपतो."

"बैलं दमले तुहे. राहू दे."

"तसं नाई, माय. मी येतो ना संगं."

"तू तुह्या पोरीपाशी बस."

तो 'बंद' म्हणाला नाही. लेक झोळीत झोपली होती. तिला सांभाळून उचलून घेऊन तो दारात आला आणि उभा राहिला. ऊन नुकतं वर येत होतं. मनकर्णेची सावली लांब पडली होती आणि कुत्रीला तिच्यात भरपूर जागा होती. दोघी घाई न करता चालल्या होत्या. वळणावर आधी मनकर्णा दिसेनाशी झाली, मग सावली, मग शेपूट.

*

जानराव मनकर्णेच्या पोटचा नव्हता. खापरवाडीला त्याची आई बाळंतपणातच गेली. घ्यायला पुढे कुणी आलं नाही, म्हणून मनकर्णेने त्याला पदरात बांधलं आणि एकटी चालत निघाली. वाटेत तो गप्प झाला. ती बाभळीखाली बसली, आणि तिथे तो पुन्हा रडला.