दसऱ्याला पुजलेली खुर्ची

कर्जतहून कोंडाण्याच्या लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याला सहदेवचं घर होतं. अंगणातून निघालं की मारुतीचं देऊळ, आणि देवळापासून खाली भाताच्या खाचरापर्यंत सरळ उतार. सहदेवचा जन्म बैलगाडी हाकण्यात गेला. लोकांचं भात गिरणीत पोचवायचं, येताना कोंडा आणायचा. गाडीचं चाक कुरकुरलं की त्याच्या दाढेत ठणका उठायचा. "बैलाला वैरन आन् चाकाला तेल, यात हात आखडता घेनारा गाडीवान नव्हं," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि तसंच वागायचा.

त्याची बायको बायजा भाताच्या भाऱ्यांची उंच उडवी रचताना वरून पडली आणि तिचे पाय गेले. पुष्कळ दिवस ती बाजेवरच होती. मुलगा विठू चौक गावाला हायवेच्या गॅरेजात मेकॅनिक. तिथं गाडी दुरुस्तीला आणणाऱ्या एका मुंबईच्या ड्रायव्हरला सांगून त्यानं जुनी चाकाची खुर्ची मिळवली, तिचे ब्रेक नीट केले आणि टेंपोत घालून घरी आणली. गावानं तिचं नाव ठेवलं बायजाची गाडी.

ही गाडी चालवायची ती सून जयवंता. खालापूरकडची पोर, तोंडाची फटकळ, हाताची हुशार. दवाखान्यातल्या नर्सबाईनं एकदाच दाखवलं, ते तिनं पक्कं धरलं. सासूला बसवताना-उठवताना दोन्ही बाजूचे ब्रेक लावायचे. पाय फळीवर आहेत का बघायचं. लुगड्याचा पदर चाकात जाऊ द्यायचा नाही. आणि उतार आला की खुर्ची फिरवायची, आपण खालच्या अंगाला राहायचं आणि पाठमोरं एकेक पाऊल उतरायचं.

पहिल्यांदा तिला तसं उतरताना बघून शेजारचा धाऊ पारावरनं ओरडला, "काय गं जयवंता, सासूला उलटी चालवतीस व्हय?"

"सुलटी सोडते की, धाऊभावजी. खाली झेलायला तुमी उभे ऱ्हावा."

बायजा खुर्चीत बसून पोट धरून हसली. सहदेवलाही बरं वाटलं. अवघड उतारावर ओझ्याच्या पुढं बैल असतात, तेच गाडी तोलून धरतात, हे त्यानं जन्मभर पाहिलेलं. पोरगी बरोबर करते आहे, एवढं त्याला कळत होतं.

मग दसरा आला. हळवं भात पिकून पिवळं झालेलं. सहदेवनं दाराला झेंडूचं आणि भाताच्या लोंब्यांचं तोरण बांधलं. बैल धुतले, गाडी धुतली, कोयता, विळे, नांगर ओळीनं मांडून त्यांना हळदकुंकू लावलं. मग त्याची नजर ओटीवरच्या खुर्चीकडं गेली. तीही चाकाचीच की. तिची पूजा नको?

त्यानं खुर्ची अंगणात घेतली. गाडीच्या वंगणाला ठेवलेली करंजाच्या तेलाची बाटली काढली. आसाला तेल घातलं, सांध्यांना घातलं. चाकांचं रबर धुळीनं पांढुरकं पडलं होतं, त्यालाही फडक्यानं तेल चोळलं. रबर नव्या पायताणासारखं काळंभोर चमकायला लागलं. रबरावर दाबून बसणाऱ्या ब्रेकच्या लोखंडी दांडीलाही एक हात दिला. हार घातला, नारळ फोडला. दुपारी सोनं लुटायला निघायच्या वेळी चमक थोडी उतरलेली दिसली, म्हणून त्यानं पुन्हा फडकं फिरवलं.

बायजा नवं लुगडं नेसली होती. "अवो, माझ्यापरीस गाडीच नवरी दिसतीया," ती म्हणाली.

सहदेव लाजल्यासारखा हसला.

देवळापुढं गर्दी होती. जयवंतानं कडेची मोकळी जागा बघून खुर्ची उभी केली. जागा अगदी सपाट नव्हती, उताराचं तोंड तिथंच. तिनं दोन्ही ब्रेक लावले, सासूच्या मांडीवर आपट्याची पानं ठेवली, आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायला वाकली.

खुर्ची आधी वितीएवढी सरकली. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. मग ती चालायलाच लागली. बायजानं दोन्ही हातांनी चाकं पकडली, पण हात घसरले. "जयवंते!" अशी एकच हाक आली. लोक वळेपर्यंत खुर्ची उतार उतरून खाचराच्या बांधाला धडकली आणि बायजा पिकल्या भातात तोंडावर जाऊन पडली. कपाळ फुटलं. मनगट मोडलं.

सगळ्यांत आधी पोचला तो सहदेव. बायकोचं रक्त पाहून त्याचं भान गेलं. मागून धापा टाकत येणाऱ्या सुनेवर तो सगळ्या गावादेखत ओरडला, "ब्रेक लावाया काय झालं व्हतं गं तुला? डोळं फुटलं व्हतं?"

"लावला व्हता, मामंजी. दोनी बाजूचा लावला व्हता."

"लावला व्हता, तर गाडी काय भुतानं ढकलली?"

जयवंतानं गुडघे टेकून पदरानं सासूचं कपाळ दाबून धरलं.

कर्जतच्या दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घालून बायजाला घरी आणलं. ओटीवर बायाबापड्या जमल्या. सांज झाली तशी सहदेव खाचरात पडलेली खुर्ची उचलून गोठ्यात घेऊन आला. हार अजून मागच्या दांड्यावर लोंबत होता. कुठं काय मोडलंय बघावं म्हणून त्यानं ब्रेक ओढला, चाकावर हात टेकला, आणि चाक हाताखालून निसटलं. ब्रेक लागलेला होता. चाक तरी फिरलं. त्यानं दुसरं पाहिलं. तेही तसंच. बोटं नाकाशी नेली. करंजाचा कडवट वास.

सकाळी आणि दुपारी फिरवलेलं फडकं त्याला आठवलं.

ओटीवरून शेजारच्या सुंदराचा आवाज येत होता, "आजकालच्या पोरींचं ध्यान कुटं ठिकानावर असतंय!" तिथं जाऊन दोन शब्द बोलायला काही लागत नव्हतं. पण गावादेखत ओरडलो आपण, आता गावादेखत गिळायचं कसं? बायकोला आपणच पाडलं, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? उद्या सांगू, त्यानं मनाशी म्हटलं. आणि उद्या सांगायचं म्हणणाऱ्या त्याच माणसानं चुलीतली राख आणली, गोणपाट घेतलं, आणि दोन्ही चाकं रबर पांढुरकं पडेस्तोवर घासून काढली. ब्रेकची दांडीही पुसली. हात धुतले. वास गेला नाही म्हणून पुन्हा राखेनं धुतले.

शनिवारी विठू आला. आईचा हात बघून त्याचे डोळे भरले, आणि मेकॅनिक माणूस, तो तडक खुर्चीकडं गेला. ब्रेक लावून खुर्ची ढकलली, खेचली, हलवली. खुर्ची जागची हलली नाही.

"एकदम टाईट हाय," तो म्हणाला. "गाडीत दोष नाय."

जयवंता दारात उभी होती. ती पुढं आली. तिनं स्वतः ब्रेक काढला, लावला, सगळा भार टाकून ढकललं. पुन्हा काढला, पुन्हा लावला. खुर्ची दगडासारखी उभी. सहदेव खांबाला टेकून बघत होता. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"मंग मीच इसरले असंन," ती म्हणाली. "मला वाटलं मी लावला. इसरले असंन."

सहदेवच्या ओठापर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. आतापर्यंत पोरीला खोटं पाडलं होतं ते गावानं. आज तिनं स्वतःला खोटं पाडलं. ते त्याच्या राखेनं केलं होतं.

त्या दिवसापासून जयवंतानं खुर्चीला हात लावला नाही. बायजा पुन्हा बाजेवर. चुलीवरनं भांडं उतरवलं तरी सून ते खाली ठेवून दोनदा बघायची, दाराची कडी घालून मागं येऊन चाचपायची. धाऊनं एकदा पारावरनं मुद्दाम छेडलं, "जयवंता, गाडी बंद झाली व्हय गं?" तर ती पदर ओढून मुकाट पुढं गेली. धाऊच ओशाळला. सहदेव भाकरी मोडायचा आणि तशीच ताटात ठेवायचा. "मामंजी, कोरड्यास आळणी झालंय का?" ती विचारायची. तिनं असं हळू विचारलं की त्याला घास गिळवत नसे.

दिवाळी तोंडावर आली. विठू बापाला म्हणाला, "जयवंताला माहेरी धाडतो. तिचा भाऊस न्यायला येतोय. आईला मी चौकला खोलीवर नेईन, शेजारची बाय बघंल. हिच्या भरवशावर आता आईला ठेववत नाय."

"आन् दिवाळीनंतर?"

"ऱ्हाऊ दे तिकडंच थोडं दिस."

थोडे दिवस म्हणजे काय, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. माहेरी धाडलेली लेक दिवाळी उलटली तरी परतली नाही की लोक काय बोलतात, ते सहदेवनं इतरांच्या घरचं पाहिलेलं.

भाऊ यायच्या दिवशी सकाळी जयवंतानं लुगडी पिशवीत भरली. कोणाशी भांडली नाही, रडली नाही. जायच्या आधी सासूची बाज ओटीवर उन्हात ओढून दिली, तिची वेणी घातली आणि पाण्याचा तांब्या तिच्या धड हाताकडं ठेवला. तो तांब्या बघून सहदेव उठला.

त्यानं गोठ्यातनं करंजाच्या तेलाची बाटली आणली. खुर्ची अंगणात घेतली आणि फडक्यानं चाकांना तेल चोळायला बसला.

"बा, काय चाललंय तुजं?" विठू म्हणाला.

"दसऱ्याला केलं व्हतं तेच."

विठूला कळेना. सहदेवनं दोन्ही चाकं चमकवली, दांडीला तेल दिलं, खुर्ची देवळापुढं नेली आणि उताराच्या तोंडाशी आपण स्वतःच तिच्यात बसला. "जयवंते, ये. ब्रेक लाव."

"नगं, मामंजी. मी नाय हात लावनार."

"लाव पोरी. तुज्या पाया पडतो."

सासऱ्याच्या तोंडून असं ऐकून ती घाबरून पुढं आली. सवयीनं तोंडातून गेलंच तिच्या, "पाय फळीवर ठेवा." त्यानं ठेवले. तिनं एका बाजूचा ब्रेक लावला, दुसऱ्या बाजूचा लावला, दांड्या दाबून बघितल्या.

"विठू, बघितलंस? दोनी लागलेत?"

"लागलेत."

"आता सोड, जयवंते."

तिनं हात काढला. खुर्ची वितीएवढी सरकली. मग चालायलाच लागली. विठू "बा!" म्हणत धावला, पण खुर्ची त्याच्या पुढं होती. म्हातारा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून होता. उतरताना त्याला कळलं, दसऱ्याला बायजाला काय वाटलं असेल ते. खाली बांधाला चाक आदळलं आणि तो कापलेल्या भाताच्या खुंटांवर जाऊन पडला. कोपरं सोलली, धोतर फाटलं.

विठूनं त्याला उठवलं. मग त्यानं चाकाला हात लावला, बोटं नाकाशी नेली आणि बापाकडं बघितलं.

"तिनं लावला व्हता," सहदेव म्हणाला. पारावरची माणसं धावत आली होती, त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "तवापन लावला व्हता. तेल मी लावलं, पूजा म्हनून. आन् पुसलंपन मीच."

जयवंता उतारावर उभी होती. "पुसलं कवा?"

"त्याच सांजेला."

"म्हंजी मी ब्रेक लावून बघितला, तवा तुमाला ठाव व्हतं."

"व्हतं."

"तुमी खांबाला टेकून उभे व्हते."

"व्हतो."

ती आणखी काही बोलेल म्हणून तो मान खाली घालून थांबला. ती वळून घराकडं चालू लागली. मागून विठू खुर्ची घेऊन, त्याच्या मागं सहदेव लंगडत.

ओटीवर बायजा रडत होती. "पोरी, मलापन शिव्या घाल," ती म्हणाली. "चाकं धरली तवा हाताला तेल लागलं व्हतं. वास मलापन आला व्हता. म्हनलं, नवऱ्याचं झाकावं."

जयवंतानं सासूकडं बघितलं, सासऱ्याकडं बघितलं. विठू चाचरत म्हणाला, "जयवंता, भाऊस आला की त्याला जेवू घालून माघारी लावू. तू नगं जाऊस."

"मी जानार," ती म्हणाली. "दिवाळीला जानार, भाऊबीज करून येनार. मला कोन धाडत नाय आन् मला कोन ठेवत नाय. मी जानार आन् मी येनार."



मग ती चुलीकडं गेली. ओंजळीत राख आणि काखेत गोणपाट घेऊन बाहेर आली. सहदेव पुढं झाला, राखेला त्यानं हात पुढं केले. तिनं ती त्याच्या हातात ओतली.

तो अंगणात बसला आणि चाकं घासायला लागला. सोललेल्या कोपरांना राख झोंबत होती. दोन्ही चाकं झाली, दांडी झाली, तेव्हा त्यानं वर पाहिलं. जयवंता येऊन उभी राहिली. तिनं ब्रेक लावले. खुर्चीच्या मागं जाऊन अंगातलं सगळं बळ लावून ढकललं. खुर्ची हलली नाही. तिनं खाली वाकून रबरावर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं.

"अजून वास येतोय," ती म्हणाली. "आनखी घासा. मी बघीन, मंगच आत्याबायला बसवीन."

सहदेवनं पुन्हा राख घेतली.