दारावरचा कडुनिंब

"शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवा हं. लपवू नका," मुंबईच्या हॉस्पिटलातून घरी सोडताना पूजा सिस्टरने निकिताला बजावलं होतं. "हिच्या हाडांतली मज्जा बदलली, तशा लहानपणच्या लसीही पुसल्या गेल्या. सात वर्षांची दिसते, पण आतून तान्हं बाळ आहे. आसपास कुणाला गोवर-कांजण्या झाल्या तर त्याच दिवशी फोन करा. इंजेक्शन वेळेत दिलं तरच उपयोग."

निकिताने मान डोलावली आणि सोडून दिलं. बी.कॉम. झालेली बाई ती. औषधांच्या वेळा, उकळलेलं पाणी, जाड सालीचीच फळं, सगळं तोंडपाठ. पण बाहेर सांगायचं कशाला? मुलीची जात. उद्या लग्नाच्या वेळी कुणीतरी उकरून काढणारच, 'हिचं रक्तच बदललंय म्हणे.' म्हणून नाशिक रोडच्या त्यांच्या कॉलनीत तिच्या लेकीला, वेदिकाला, नुसता 'अशक्तपणा' होता. मास्क धुळीसाठी, टोपी उन्हासाठी.

समोरच्या दारात धोंडाबाई राहायच्या, मूळच्या पेठ तालुक्याकडच्या. जीव लावणारी बाई. पाडव्याच्या सकाळी त्यांच्या चौकटीला कडुनिंबाचा डहाळा दिसला. त्या दिवशी कुणाकडे नव्हता? निकिताच्या गुढीलाही होताच. फक्त धोंडाबाईंच्या डहाळ्याची पानं सुकून मुरडली होती. निकिताच्या नजरेतून काही सुटत नसे, तेही सुटलं नाही. आधीच आणून ठेवला असेल, असं म्हणून ती रांगोळीकडे वळली.

थोड्या वेळाने धोंडाबाईंची नात साक्षी साखरेची गाठी घेऊन आली. निकिता तिला उंबऱ्यातच थोपवणार होती. पण सणाची गाठी दारातून परत पाठवायची कशी? साक्षीने ती वेदिकाच्या गळ्यात घातली आणि दोघी उगाचच खिदळत सुटल्या. किती महिन्यांत वेदिका दुसऱ्या पोरीच्या इतक्या जवळ गेली नव्हती. निकिताला अडवावंसं वाटलं नाही.

"कानामागे काय गं झालंय तुझ्या?"

"घामोळं, काकू."

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी धोंडाबाई दहीभाताचा प्रसाद घेऊन आल्या. "सुटलो बाई. साक्षीच्या बाया गेल्या सुखरूप. नदीवर नैवेद्य दाखवून आले."

"कसल्या बाया?"

"गोवर गं. अंगावर असताना नाव घेत नाय आमच्यात. डहाळा लावला व्हता की दाराला."

निकिताने ताट घेतलंच नाही. "मावशी, मला सांगायचं नाही का?"

"तू तरी काय सांगितलंस, बया? मी समजले पोरीला रक्त कमी हाय. बीट खाऊ घाल म्हणून मीच तुझ्या मागं लागले व्हते!"

आतल्या खोलीत वेदिका सकाळपासून पांघरूण घेऊन पडली होती. इंजेक्शनची वेळ केव्हाच टळून गेली होती.

नाशिकच्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा न्यूमोनिया छातीत उतरला होता. शेखर, निकिताचा नवरा, विम्याच्या खिडकीपाशी उभा राही. विमा तो नोकरीला होता त्या कंपनीने काढलेला. तिथली मुलगी रोज नव्याने सांगे, "सर, क्वेरी आलीये. या गोवराचा ट्रान्सप्लांटशी संबंध आहे का, डॉक्टरांकडून लिहून आणा."

"आहे म्हटलं तर?"

"तर ट्रान्सप्लांटच्या खर्चाची मर्यादा संपलीये."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग गोवराला एवढे दिवस आयसीयू का, ते विचारतायत."

"मग पोरीनं आजारी पडायला तिसरंच कारण शोधायचं का?" शेखर म्हणाला. खिडकीतल्या मुलीने पुढचा फॉर्म त्याच्याकडे सरकवला.

डॉक्टर आधी 'बघूया' म्हणायचे. आता तेही म्हणत नाहीत. नळीतून श्वास आत-बाहेर होतो आणि निकिता काचेतून बघत बसते. भेटायला येईल त्याला ती आता मज्जा, लसी, सगळं मोकळेपणी सांगते. कुणी काय म्हणेल याची धास्ती उरलेली नाही. ज्या लग्नासाठी लपवलं, त्याचं नाव काढायचीही तिला आता भीती वाटते.

काल शेखर कपडे आणायला घरी जाऊन आला. धोंडाबाईंचं दार बंद होतं. साक्षीला पेठला पाठवून दिलंय, आणि त्या कुणाला दार उघडत नाहीत, असं खालच्या मजल्यावरच्यांनी सांगितलं. डहाळा अजून चौकटीलाच आहे.

निकिताला जाववत नाही. म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते तेच ती तुम्हालाही सांगतेय: "त्या बाजूला गेलात तर आमच्या समोरचं दार तेवढं वाजवा. उघडलं नाही तर पुन्हा वाजवा. त्यांना म्हणावं... नको, माझं काही सांगू नका. नुसतं जेवल्या का, ते विचारा."