सायप्रस कोर्ट कुणीकडे?

गेल्या वर्षीपर्यंत मला कुणी नाव विचारलं तर मी ते स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून सांगायचे. मग नववीत, कोल्टर रोड हायस्कूलच्या बँडमध्ये, मी सगळ्यांत मोठा ढोल गळ्यात अडकवला, आणि तेव्हापासून मला गप्प बसवणं हे आमच्या घरातलं मुख्य काम होऊन बसलंय. मे महिन्यात बँडच्या सरांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षी ढोलपथकाची कप्तान जोनेल टिब्ज. म्हणजे मी! दहावीत जाणारी मुलगी कप्तान झाल्याचं आमच्या शाळेत कुणालाच आठवत नव्हतं. घरी येताना रस्त्यात जेवढ्या टपालपेट्या लागल्या, त्या सगळ्या मी वाजवल्या.

आणि त्याच आठवड्यात आमच्या कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शिक्षण मंडळानं नवा नकाशा काढला.

आमच्याकडे कोण कुठल्या सरकारी शाळेत जाणार, हे तुमचं घर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. आमच्या भागातली रेषा मिल रोडवरून जाते. अलीकडे सायप्रस कोर्ट, म्हणजे आमच्या भाड्याच्या इमारती, आणि कोल्टर रोड शाळा. पलीकडे मोठमोठी अंगणं आणि फॉक्स हॉलो शाळा. आमच्या शाळेत इतकी गर्दी की अर्धे वर्ग मैदानात उभ्या केलेल्या पत्र्याच्या डब्यांत भरतात, आणि निम्म्याहून जास्त मुलांना दुपारचं जेवण फुकट मिळतं. फॉक्स हॉलोत वर्ग रिकामे, आणि फुकट जेवणारं पोर हुडकून काढावं लागेल. सगळी गरीब मुलं एकाच शाळेत कोंबली जाऊ नयेत, म्हणून मंडळानं रेषा उचलली आणि सायप्रस कोर्टच्या मागच्या बाजूनं नेली. झालं! मी जागची हललेसुद्धा नाही आणि फॉक्स हॉलोची झाले.

"तिथल्या प्रयोगशाळेत नळ आहेत," आई सुट्टीच्या दिवशी सकाळी म्हणाली. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते, त्यामुळे नळ हा तिच्या जिव्हाळ्याचा विषय. आमचा रसायनशास्त्राचा वर्ग डब्यात भरतो आणि बाई पाणी बादलीनं आणतात.

"पण तिथं माझं ढोलपथक नाही!"

"ढोल काय, कुठंही वाजतो."

"आणि कप्तानपद? तिथं मला कोण विचारणार? सगळं पहिल्यापासून!"

"तुझा आवाज तिथं ऐकू जाणार नाही, ही काळजी मला तरी नाही बाई," आई म्हणाली.

माझी धाकटी बहीण केझिया दुधात बुडालेल्या कॉर्नफ्लेक्सकडे बघत बसली होती. ती आठवीत, मधल्या शाळेत. आमच्याकडे हायस्कूल नववीपासून, म्हणजे पुढच्या वर्षी तीही येणार. मी पूर्वी होते त्याच्याही दुप्पट ती लाजरी. तिचं बोलणं ऐकायचं तर फ्रिजसुद्धा गप्प असावा लागतो.

शेवटची जाहीर सुनावणी गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या सभागृहात होती, आणि ती संपली की लगेच मतदान. मी बोलायला नाव दिलं होतं. बँडची तालीम आटोपून मी थेट तिथं गेले, तर दारातच दोन टेबलं. एकावर पिवळे टी-शर्ट, एकावर निळे. पिवळ्यांवर लिहिलेलं, 'आमची वस्ती, आमची शाळा'. निळ्यांवर, 'सगळ्या शाळा सगळ्यांच्या'. मला दोन्ही वाक्यं पटली. तरी म्हटलं, आपल्याला शाळा बदलायची नाही, म्हणजे आपण पिवळे.

"मला कोल्टर रोडलाच राहायचंय," मी टेबलामागच्या बाईंना सांगितलं.

"अगं सोन्या!" त्या बाईंनी माझे दोन्ही हात धरले. त्यांचं नाव मिसेस पेल्टियर, घर फॉक्स हॉलो शाळेला लागून. "राहायला कुठं असतेस?"

"सायप्रस कोर्ट."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आपण बक्षीस जिंकलोय. त्यांनी मला शर्ट चढवला, चार जणींशी ओळख करून दिली, प्रत्येकीबरोबर माझा फोटो काढला आणि मला थेट पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. कुणीतरी लिंबू लावलेली बिस्किटं दिली. फार छान माणसं! मी म्हटलं, हे लोक आपले.

सुनावणीत टाळ्या वाजवायच्या नाहीत, असा मंडळाचा नियम. म्हणून कुणाचं बोलणं आवडलं की सगळे दोन्ही हात वर करून बोटं हलवतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एवढी माणसं जमून नखांचा रंग वाळवतायत. मला हा प्रकार अजिबात जमत नाही. माझे हात एकमेकांवर आपटल्याशिवाय राहत नाहीत, आणि पहिल्याच भाषणाला अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

ते पहिलं भाषण एका पिवळ्या काकांचं होतं. "हा घरांच्या किमतीचा प्रश्नच नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांचा वेळ संपेपर्यंत घरांच्या किमतींवर बोलले. मग एक पिवळ्या काकू उठल्या. सायप्रस कोर्टच्या बिचाऱ्या मुलांना एवढ्या पहाटे उठून बसमध्ये बसावं लागेल, म्हणून त्यांचा गळा दाटून आला. आमच्या घरापासून फॉक्स हॉलो कोल्टर रोडपेक्षा जवळ आहे. मी शेजारी कुजबुजले, "पण ती जवळ आहे हो." मिसेस पेल्टियरनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

मग निळ्यांची पाळी. फॉक्स हॉलोतलाच अकरावीतला एक मुलगा उभा राहिला, केस अगदी चापूनचोपून. "आम्हाला आमच्या वर्गात सायप्रस कोर्टची मुलं हवीत," तो म्हणाला. "त्यांच्या संघर्षातून आम्हाला खूप शिकायला मिळेल."

संघर्ष? माझा? परवा आमच्याकडे एवढाच संघर्ष झाला होता की शेवटची वॅफल मी खाल्ली की केझियानं. मला कळेना, आता मी याच्यावर रागवायचं, की यानं आपल्याला बोलावलं म्हणून खूश व्हायचं? आणि माझ्या रांगेतले लोक तर, मला जायचं नाही यावर इतके खूश होते, की हळूहळू मलाच जावंसं वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला. "जोनेल रेनी टिब्ज!"

आई मधलं नाव घेते तेव्हा पळायचं असतं. पण पहिल्या रांगेतून कुठं पळणार? ती हॉस्पिटलच्या कपड्यांवर निळा शर्ट घालून उभी होती, आणि केझिया तिच्या पाठीमागे अर्धी लपलेली.

"काय घातलंयस हे अंगात?"

"शर्ट."

"ते दिसतंय. कुणी दिला?"

"मी दिला," मिसेस पेल्टियर गोड हसून म्हणाल्या. "किती हुशार मुलगी आहे हो तुमची! किती स्पष्ट बोलते!"

"हो का? काय बोलणारे, ते तुम्हाला आधीच माहीत आहे वाटतं," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "तुझ्या आजीला बसनं गोऱ्या मुलांच्या शाळेत न्यायचे ना, तेव्हाही असेच लोक पाट्या घेऊन उभे असायचे. फक्त तेव्हाच्या पाट्या जास्त स्पष्ट होत्या."

मिसेस पेल्टियर लालबुंद झाल्या. आई केझियाला घेऊन मागे निळ्यांत जाऊन बसली, आणि माझी बिस्किटं तशीच राहिली.

"मनाला लावून घेऊ नकोस हं, सोन्या," मिसेस पेल्टियर थोड्या वेळानं म्हणाल्या आणि माझ्या हातात एक कागद सरकवला. "हे बघ, मी तुझ्यासाठी दोन-चार मुद्दे काढून ठेवलेत. घाबरलीस तर सरळ वाच."

मी वाचलं. 'मला तिथं परकं वाटेल. माझे मित्र इथं आहेत. इथं मला माझी जागा सापडली आहे.' अगदी हेच! हेच तर मी बोलणार होते! बाथरूममध्ये आरशासमोर म्हणून बघितलं होतं. मग त्या बाईंच्या सुंदर तिरप्या अक्षरात ते इतकं खोटं का दिसत होतं?

"जोनेल टिब्ज," अध्यक्षबाईंनी पुकारलं.

मी माइकजवळ गेले. आधी नाव आणि पत्ता सांगायचा असतो. मी सांगितला, आणि 'सायप्रस कोर्ट' म्हणताच सगळे पिवळे आणि सगळे निळे एकदमच पुढे झुकले. प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, आणि वेळ दाखवायला समोर दिवा असतो. हिरवा लागला.

"मला फॉक्स हॉलोला जायचं नाही," मी म्हटलं. पिवळी बोटं वर गेली. "मी पुढच्या वर्षी ढोलपथकाची कप्तान आहे. पण आमच्या रसायनशास्त्राच्या वर्गात नळ नाही, आणि मला नळही हवाय." निळी बोटं वर गेली. "मला कळत नाही की नळ आमच्याकडे का येऊ शकत नाही, मीच नळाकडे का जायचं. आणि ज्यांना मी यायला नकोय, त्यांनी आणि मी एकच शर्ट घातलाय, हे कसं झालं तेही कळत नाही. निळे लोक म्हणतात, या. पण मला आतापर्यंत कुणी विचारलं नाही. पिवळ्यांनीही विचारलं नाही, त्यांनी लिहूनच दिलं." कुणीच बोटं हलवली नाहीत. "तर माझा प्रश्न असा आहे. मी नक्की कुणाच्या बाजूची?"

मंडळातली माणसं पाणी पिऊ लागली.

"आभारी आहोत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सुनावणीत मंडळ उत्तर देत नाही."

"पण माझा दिवा अजून हिरवा आहे."

"तुला आणखी काही बोलायचंय का?"

"नाही. मी वाट बघते."

आणि मी खरंच उभी राहिले. एवढं गप्प मी अख्ख्या वर्षात कधी राहिले नव्हते. दिवा पिवळा झाला, मग लाल. मग मी जागेवर जायला वळले आणि मला कळलं की मला जागाच नाही. पहिल्या रांगेत जाववेना, आणि पिवळा शर्ट घालून निळ्यांत कुठं बसू? शेवटी मी दाराजवळ, दोन टेबलांच्या मधोमध उभी राहिले.

मतदानात नकाशा मंजूर झाला. पण आधी मंडळातल्या एका सदस्यानं दुरुस्ती मांडली, की जी मुलं आत्ता हायस्कूलमध्ये आहेत, त्यांना हवं तर जुन्या शाळेत राहता येईल. बस मात्र मिळणार नाही. दुरुस्तीही मंजूर. (ती आधीच छापून आणलेली होती, त्यामुळे माझ्या भाषणानं झाली असं म्हणता येत नाही. मी तरीही म्हणते.) म्हणजे मी राहू शकत होते. माझं पथक, माझं कप्तानपद, सगळं! मी उडी मारली, आणि हवेत असतानाच मला केझिया दिसली. ती हायस्कूलमध्ये नव्हती. तिला जावंच लागणार होतं, एकटीला, त्या चापूनचोपून बसवलेल्या केसांच्या पोरांमध्ये, जिथं तिला कुणी नाव विचारलं तर कुणाला ऐकूसुद्धा येणार नाही.

गाडीत बसेपर्यंत माझं ठरलं होतं.

"केझिया," मी मागे वळून म्हटलं, "घाबरू नकोस. मी कप्तानपद सोडते. मी तुझ्याबरोबर येते."

"कशाला?" केझिया म्हणाली.

"कशाला म्हणजे? तू तिथं एकटी..."

"मला एकटीलाच जायचंय." गाडी सुरू असूनही मला ते स्पष्ट ऐकू आलं. "कोल्टर रोडला सगळे मला 'जोनेलची बहीण' म्हणणार. इथं मधल्या शाळेतसुद्धा म्हणतात. तू ये तिथं, म्हणजे तिथंही तेच."

"मी तुझ्यासाठी अख्खं ढोलपथक सोडत होते!"

"मी कुठं सांगितलं होतं?"

आई समोर बघून गाडी चालवत होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती की काय होतं, मला समोरून येणाऱ्या गाड्यांच्या उजेडात कळेना.

"मग मी राहते," मी म्हटलं. हवं होतं ते मिळालं होतं, तर मग आवाज असा चिडका का येत होता?

"राहा," आई म्हणाली. "पण माझी ड्यूटी पहाटेची. तुला चालत जावं लागेल, आणि मिल रोडला फूटपाथ नाही."

"जाईन."

"हिवाळ्यात?"

"जाईन म्हटलं ना! आई, तू खूश आहेस की रागावलीस?"

"दोन्ही," आई म्हणाली. "आता गप्प बस. हा चौक फार वाईट आहे."