आकडा परत बोलायचा

स्टॉक क्लासचा नियम साधा आहे. बाईक कंपनीतून जशी आली तशीच पळवायची. इंजिनात काही वाढवायचं नाही, काही कोरायचं नाही. पहिल्या तीन नंबरांत आलात, की तिथेच धावपट्टीच्या कडेला तपासनिसांसमोर तुमचं इंजिन तुम्हीच उघडायचं. हत्यारं तुमची, हात तुमचे. ते फक्त मोजतात. म्हणून शर्यतीच्या आठवडाभर आधी आम्ही घरी सगळं एकदा उघडून, मोजून, कागदावर लिहून पुन्हा बंद करतो. मग तिथे हात अडखळत नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको बेला. गिरीज गावी आमच्या वाडीत केळीच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे मी मोजायचो, ती लिहायची आणि इंजिन बांधायची. तिची बोटं बारीक होती, माझी जाड. बेला जुलैत न्यूमोनियाने गेली. हे इंजिन तिने बंद केलेलं शेवटचं.

गेल्या वर्षी या बाईकवर माझी पुतणी जेनिफर दुसरी आली. ॲलिस्टर तिसरा. त्याने लगेच हरकत घेतली. सगळ्यांसमोर म्हणाला, "बाईने बांधलेलं इंजिन इतकं पळतं, म्हणजे आत काहीतरी शिजलंय."

बेला म्हणाली, "शिजवते मी घरी. ये जेवायला."

लोक हसले. पण तेवढ्यात अंधार पडला, मोजणी अर्धवट राहिली, आणि आम्ही दिलेल्या कागदावरच नंबर कायम झाला. बोलणं मात्र राहिलं. चर्चबाहेरसुद्धा लोक तिला विचारायचे, "काय बेला, काय शिजवलंस?" ती हसायची. घरी आल्यावर हसायची नाही. या वर्षी ते इंजिन सगळ्यांसमोर पूर्ण उघडावं आणि तिच्या नावाला चिकटलेलं ते बोलणं संपावं, एवढंच मला हवं होतं.

शनिवारी दुपारी चर्चची बाराची घंटा झाली तेव्हा मी शेडमध्ये गेलो. वारा अजिबात नव्हता. कुत्रा रोज माझ्या मागे आत येतो. त्या दिवशी तो दारात थांबला आणि बेलाच्या स्टुलाकडे बघत बसला.

बेला बोल्ट इतके घट्ट करायची की उघडताना मला पान्याला पाइप लावावा लागे. मी हेडच्या पहिल्या बोल्टला पाना लावला आणि तो तसाच फिरला. दुसराही. शेवटचे दोन मी नुसत्या बोटांनी काढले. जुलैनंतर या इंजिनाला कोणी हात लावला नव्हता. शेडची किल्ली माझ्याच खिशात असते.

मी सिलेंडर काढला, पुसला आणि बोअर, म्हणजे आतला व्यास, मोजला. आत गेजची दांडी अडकवायची, ती बाहेर काढून मायक्रोमीटरमध्ये धरायची आणि आकडा वाचायचा. आमची एक पद्धत होती. मी आकडा मोठ्याने सांगायचा, बेलाने तो परत बोलायचा, मगच लिहायचा. परत बोलला नाही तर लिहायचा नाही. तीस वर्षांत आम्ही ही पद्धत मोडली नव्हती.

मी म्हणालो, "सत्तावन्न पॉइंट तीन."

मग मी वाट बघत राहिलो. पेन्सिल उचलवेना. शेवटी जेनिफरला फोन लावला. ती विरारला, फुलपाड्यात राहते. फोन स्पीकरवर ठेवला.

"बाळ, कागद घे. मी सांगतो तो आकडा परत बोल आणि लिही."

"हो अंकल, बोला."

"बोअर. सत्तावन्न पॉइंट तीन."

मी फोन जवळ ओढला.

"ऐकलंस का?"

"ऐकलं. पण तीन की आठ?"

"तीन."

"आधी तीन ऐकू आलं, मग आठ."

"मी एकदाच बोललो, जेनी."

"मग तिथे अजून कोण आहे?"

"कोणी नाही. पुन्हा सांगतो. सत्तावन्न पॉइंट तीन."

या वेळी मीही ऐकलं. डाव्या बाजूला, स्टुलाच्या उंचीवरून, रोजच्या आवाजात. "सत्तावन्न पॉइंट आठ."

जेनिफर रडवेली झाली. "अंकल, तुम्ही आन्टीचं काही रेकॉर्डिंग लावलंय का? असं नका ना करू." तिने फोन ठेवला.

स्टुलावर कोणी नव्हतं. दारात कुत्रा शेपूट हलवत होता.

मी चष्मा पुसला, बॅटरी आणली आणि मायक्रोमीटर उजेडात धरला. त्याच्या दांड्यावर वरच्या बाजूला पूर्ण मिलिमीटरच्या रेघा असतात आणि खालच्या बाजूला अर्ध्याच्या. आमच्या मायक्रोमीटरच्या खालच्या रेघा झिजून पुसट झाल्या आहेत. बॅटरी तिरकी धरली तेव्हा एक रेघ जास्त दिसली. अर्धा मिलिमीटर. मी पुन्हा मोजलं, मग पिस्टनही मोजला. आकडा सत्तावन्न पॉइंट आठच होता.

कंपनीचा बोअर सत्तावन्न पॉइंट तीन. त्यावर पाव मिलिमीटर चालतो, अर्धा चालत नाही. बाईक आम्ही जुनी घेतली होती. आधीच्या मालकाने कधीतरी सिलेंडर रिबोअर करून, म्हणजे आतून कोरून, मोठा पिस्टन टाकला असणार. ती आणली तेव्हा मी मोजलं, गेल्या वर्षी मोजलं, मे महिन्यात मोजलं. दर वेळी मला तीन हवं होतं आणि मी तीन वाचलं. दर वेळी बेलाने तीन परत बोलून तीन लिहिलं. ती लिहीत असायची, मायक्रोमीटर माझ्या हातात असायचा. आकडा परत बोलायचा म्हणजे कान तपासायचे. माझे डोळे कोणीच तपासत नव्हतं.

ॲलिस्टर खरं बोलला होता, फक्त बोट चुकीच्या माणसाकडे दाखवून.

मी स्टुलाकडे बघून म्हणालो, "बेला, मी चुकीचं वाचलं."

तिकडून लगेच आवाज आला, आकडा परत बोलताना येतो तसा. "शहाऐंशी."

मी कागद बघितला. शहाऐंशी असं त्या इंजिनात काहीच नाही. व्हॉल्व्हमध्ये नाही, गास्केटमध्ये नाही, बोल्टच्या घट्टपणात नाही. मी म्हणालो, "काय शहाऐंशी?" उत्तर आलं नाही. आमच्या पद्धतीत प्रश्नाला उत्तर नसतंच, फक्त आकड्याला असतं.

मग मला कळलं. मी तसाच घरात गेलो.

ऑक्सिजन मोजायचं ते बोटाला लावायचं यंत्र अजून तिच्या उशाच्या खणात होतं. जुलैत दोन दिवस मी दर तासाला ते तिच्या बोटाला लावत होतो. खोलीत जागा नव्हती म्हणून पलंगाच्या उशाकडून वाकून वाचायचो. मी म्हणायचो, "अठ्ठ्याण्णव." ती डोळे मिटून म्हणायची, "अठ्ठ्याण्णव." अठ्ठ्याण्णव म्हणजे उत्तम, नव्वदच्या खाली गेला तर लगेच हॉस्पिटल. म्हणून आम्ही घरीच राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "घरी किती होतं?" मी अठ्ठ्याण्णव सांगितलं. ते माझ्याकडे बघत राहिले. संध्याकाळी ती गेली.

मी यंत्र माझ्या बोटाला लावलं. लाल आकडा आला, 98. इंग्रजी आकड्यांत, यंत्रावर असतो तसा. मग मी पलंगावर हात पसरला आणि उशाकडून, उलट बाजूने बघितला. नऊचा सहा झाला आणि आठाच्या मागे गेला. उलटा अठ्ठ्याण्णव म्हणजे शहाऐंशी. आणि उलटा शहाऐंशी म्हणजे अठ्ठ्याण्णव.

यंत्र बोटातून काढून खणात ठेवलं. मग फ्रान्सिस सरांना फोन केला. ते होळी भागातले, निवृत्त वर्कशॉप शिक्षक, शर्यतीचे मुख्य तपासनीस.

"सर, आमचं इंजिन नियमात बसत नाही. बोअर अर्ध्याने जास्त आहे. नाव काढा. गेल्या वर्षीचा दुसरा नंबरही काढा."

"वेडा झालास काय, फर्डिनंड? शर्यतीआधी असं कोणी सांगतं? गेल्या वर्षीचं आता कोण उकरणार?"

"मी उकरतोय."

"अरे, कागदावर बांधणारी म्हणून बेलाची सही आहे. गेलेल्या माणसाचं नाव खराब करतोस?"

"तिने मी सांगितलं ते लिहिलं. वाचलं मी. तुमच्या कागदावर वाचणाऱ्याचं नाव लिहायला जागा नाही. ती करा आणि माझं नाव घाला."

"ॲलिस्टर गावभर सांगेल."

"सांगू दे. त्याला नाव मात्र नीट सांगा."

मग कागद सरकवल्याचा आणि पेन चालल्याचा आवाज आला.

"लिहिलं," ते म्हणाले. "आणखी काही आहे?"

आणखी होतं. पण त्याचा कागद त्यांच्याकडे नव्हता.